मागच्या चाकांचा खेळ

पहिल्या पावसानंतरची अंजनगाव सुर्जीच्या शिवारातली वाट ज्याने पाहिली, त्याला घसरणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि गाडी ऐकेनाशी होते. अशाच वाटेवर पानमळ्याकडून येताना आमच्या घरची जुनी मारुती व्हॅन मागून फिरली आणि बांधाशी आडवी झाली. पुतण्या चालवत होता, शेजारी त्याचा सोळा वर्षांचा धाकटा भाऊ. कुणाला लागलं नाही, अल्हम्दुलिल्लाह. आम्ही रागावण्याआधीच तो म्हणाला, "चाचा, मी मुद्दाम फिरवली. याला ड्रिफ्ट म्हणतात."

मग त्याने मोबाईल दाखवला. बर्फावर व्होल्वोची जुनी, लांब पाठीची स्टेशन वॅगन आडवी घसरत वळणं घेत होती. "सामान वाहायची गाडी आहे चाचा! आपली व्हॅनही मागच्याच चाकांवर चालते."

बोलणं खरं होतं. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, कॉन्टेसा, सुमो, १९९२ साली आलेली टाटा इस्टेट, या सगळ्यांत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो. १९८३ च्या मारुती ८०० नंतर पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्या घरोघरी आल्या. मागच्या टायरला वळणावर दोन कामं असतात: गाडी ढकलायची आणि तिला बाजूला जाऊ द्यायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबला की पकड सुटते आणि शेपूट बाहेर फेकली जाते. स्टिअरिंग उलट फिरवून ती घसरण ताब्यात ठेवणं, हीच ड्रिफ्टची कला. जपानच्या घाटांत ती रुजली. केइची त्सुचिया तिथेच शिकले आणि पुढे नावाजलेले रेसर झाले.

पण ते खेळाडू बंद ट्रॅकवर, हेल्मेट घालून, गाडीत लोखंडी पिंजरा बसवून उतरतात. आपली व्हॅन उंच आणि अरुंद. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे रिकामी असली की मागची बाजू हलकी. चिखलात ती घसरते; कोरड्या डांबरावर मात्र घसरण्याऐवजी उलटू शकते. वरातीत आणि ईदच्या संध्याकाळी गाडी फिरवून दाखवणाऱ्या पोरांना हा फरक कोण सांगणार?

आखातात या खेळाला 'तफहीत' म्हणतात. सौदीत पहिल्याच गुन्ह्याला २० हजार रियाल दंड होतो आणि गाडी १५ दिवस जप्त होते. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक गाडी चालवल्यास ५ हजारांपर्यंत दंड किंवा कैद होऊ शकते. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. हे ऐकताच धाकट्याने खिशातली दुसरी चावी आमच्या हातावर ठेवली.

थोरल्याला आम्ही खेळापासून तोडलं नाही, नीट शिकायला सांगितलं. गाडी मागून फिरली तर घाबरून ब्रेक दाबू नये. अ‍ॅक्सिलरेटर सोडावा आणि जिकडे जायचं तिकडे चाकं वळवावीत. पावसाआधी टायर बघावेत. खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर टायर बदलावा.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ व्हॅन घेऊन टायरवाल्याकडे गेले. मागचे दोन्ही टायर गुळगुळीत निघाले. त्याच व्हॅनमधून घरातल्या बाया-मुली रोज बाजाराला जात होत्या. त्या दिवशी शरमेने मान खाली घालायची पाळी पुतण्याची नव्हती, आमची होती.