विस्कळीत रेणूंची राखण

रोवणीच्या दिवसांत झाडीपट्टीत गजकर्णाचे व चिखल्यांचे रोगी का वाढतात यावर चार पाने लिहून द्या, एवढाच संपादकांचा हुकूम होता. परंतु भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील एका औषधाच्या दुकानात, जिथे पत्र्याखालचा पंखा दमट हवाच ढवळीत होता, दुकानदाराने इट्राकोनाझोलची एक कॅप्सूल माझ्यासमोर कागदावर उघडली, आणि तिच्यातून ओघळलेल्या, जेमतेम मिलिमीटरभर व्यासाच्या पांढुरक्या मण्यांनी माझे चित्त असे वेधून घेतले की मूळ विषय बाजूलाच राहिला.

या औषधाचा अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपतो: शोध बेल्जियमच्या यान्सेन कंपनीचा आणि कॅप्सूलला अमेरिकेत परवानगी १९९२ मधली. खरी कथा त्या मण्यात आहे. इट्राकोनाझोल बुरशीचा कर्दनकाळ खरे, परंतु पाण्याशी त्याचे हाडवैर. कॅप्सूलमध्ये ते शंभर मिलिग्रॅम असते आणि लिटरभर साध्या पाण्यात विरघळते एखादा मायक्रोग्रॅम. याचे एक कारण असे की त्याचे स्फटिक पक्के असतात, सुमारे १६६ अंशांपर्यंत वितळत नाहीत. रोवणीचे धान ओळीने उभे असते आणि आवत्याचे वाटेल तिथे उगवते, तितकाच भेद स्फटिकात व अस्फटिक पदार्थात आहे: रेणू तेच, रचना मोडलेली. मोडलेल्या रचनेतून रेणू सुटे करायला शक्ती कमी लागते, म्हणून अस्फटिक औषध जठराच्या आम्लात, काही काळ तरी, स्फटिकाच्या मर्यादेहून अधिक विरघळून राहते.

रचना मोडण्याचे हे काम जे यंत्र करते ते विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेल वुर्स्टर यांनी १९५०च्या दशकात सिद्ध केलेल्या पद्धतीवर चालते. साखरेचे बारीक दाणे उष्ण हवेच्या झोतावर तरंगत ठेवायचे, औषध आणि हायप्रोमेलोज नावाचा सेल्युलोजजन्य बहुलक एकाच द्रावकात विरघळवून ते द्रावण दाण्यांवर फवारायचे. द्रावक इतक्या त्वरेने उडून जातो की रेणूंना ओळ धरण्याची फुरसतच मिळत नाही, आणि औषध काचेसारखे थिजते. पदार्थाला त्याच्या स्वभावधर्मापासून अशा रीतीने परावृत्त करण्याची ही युक्ती मला एखाद्या मुत्सद्द्याच्या कारस्थानाइतकी मोहक वाटली.

बहुलकाचा हुद्दा राखणदाराचा. निव्वळ अस्फटिक इट्राकोनाझोल सुमारे ५९ अंशांना काचेची कठीणता सोडून मऊ होऊ लागते, आणि असा पदार्थ त्या बिंदूच्या पन्नास अंश खाली ठेवावा असा या शास्त्रातला ढोबळ संकेत आहे. म्हणजे नऊ अंश! भंडाऱ्याचा वैशाख पारा पंचेचाळीसच्या घरात नेतो. राखणदार तो मृदुत्वबिंदू वर उचलतो, रेणूंमध्ये शिरून त्यांची हालचाल जड करतो. पुण्याच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीतील अनंत पारडकर, काकासाहेब महाडिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हळदीतल्या कर्क्युमिनवर हाच न्याय लावला: पॉव्हिडोन या बहुलकासह ते फवारून सुकवले, तेव्हा एरवी आम्लात दाद न देणारे ते द्रव्य चांगले विरघळू लागले.

परंतु राखणदारालाही व्यसन आहे, पाण्याचे. हायप्रोमेलोज हवेतील ओल शोषतो, ओल काचेला मऊ करते आणि सैल झालेले रेणू पुन्हा ओळ धरू लागतात. उष्ण व अतिदमट प्रदेशांसाठी ३० अंश व ७५ टक्के आर्द्रतेची दीर्घकालीन, तसेच ४० अंश व तेवढ्याच आर्द्रतेची सहा महिन्यांची कसोटी ठरलेली आहे. पण ती बंद पेटीत, एकसारख्या हवेत घेतली जाते. ज्येष्ठात भट्टीसारखे तापून आषाढात निथळणाऱ्या दुकानाची तऱ्हा त्या पेटीला ठाऊक नसते.

त्यात रोग्याचा वाटा निराळाच. "पोट भरून जेवल्यावर घेजा, भाऊ, अन् ॲसिडिटीची गोळी याच्यासोबत घेऊ नका," असे दुकानदार प्रत्येकाला बजावीत होता, आणि ते अगदी शास्त्रशुद्ध होते, कारण हे औषध आम्लातच विरघळते. मात्र तिखट रश्शानंतर छातीत जळजळले की ती गोळी घेतली जातेच. दिल्लीतील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१८ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅप्सूल उघडून, कातडी तपासायच्या भिंगाखाली मणी पाहिले, तेव्हा त्यांची संख्या व आकार यांतही तफावत दिसली. भिंगाला मण्यांची संख्या कळते. आतले औषध अजून अस्फटिक आहे की नाही, हे मात्र क्ष-किरणांच्या विवर्तनासारख्या कसोटीशिवाय निश्चित होत नाही, आणि असे यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात कुठून असणार? गजकर्ण हटले नाही की डॉक्टर बुरशीवर संशय घेतात, आणि औषधांना न जुमानणारी बुरशी आपल्या देशात खरोखरच आढळत असल्याने तो संशय अस्थानी म्हणता येत नाही. दोष बुरशीचा, जेवणाचा, मण्याचा की पत्र्याचा, याचा निवाडा करायचा तर तपासणीचा नमुना कारखान्याच्या थंड कोठारातून उचलून भागणार नाही; तो मृगाच्या तोंडावर, लाखांदूरच्या फळीवरून उचलावा लागेल.