दोरीवरचं झाड

मी नववीत होते. पावसाने त्या वर्षी मोठा खंड दिला आणि पारशिवनीजवळच्या आमच्या कोरडवाहू वावरातली पऱ्हाटी बोंडं धरायच्या आधीच करपली. पीक विमा काढलेला होता, पण भरपाई आली नाही, कारण आमच्या महसूल मंडळाची, म्हणजे आजूबाजूच्या गावांची मिळून, उत्पन्नाची सरासरी ठीक निघाली होती. बाबांनी मला विचारलं, "आपल्या वावरात त काईच नाई. मंग थे सरासरी कोणाच्या वावरातून आली?"

याचं उत्तर मला सात-आठ वर्षांनी पुण्यात मिळालं, गोखले अर्थशास्त्र संस्थेत एम.एस्सी. करताना. गावात लोक विचारायचे, अर्थशास्त्र म्हणजे बँकेची परीक्षा का? मी सांगायचे, आकडा कुठून आला हे विचारायला शिकतो आम्ही. अर्थमिती, नमुना पाहणी, संगणकावर हजारो ओळींची माहिती साफ करणं, हे सगळं त्या एका प्रश्नासाठीच असतं. 1930 साली संस्था सुरू झाली तेव्हा तिची धुरा ज्यांनी घेतली, त्या धनंजयराव गाडगीळांचं बालपण नागपुरात गेलं होतं. वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च प्रत्यक्ष पाहणी करून मांडणारी ही संस्था. तिथल्या ग्रंथालयात बसलं की अर्थशास्त्र शेताच्या बांधावरून सुरू होतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

तिथेच मला कळलं की बाबांची भरपाई ज्या पद्धतीने ठरली, तिचा पाया याच संस्थेतल्या वि. म. दांडेकरांनी घातला होता. 1970च्या दशकात त्यांनी मांडलं की विमा एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीवर नको, सगळ्या परिसराच्या उत्पन्नावर हवा. 1979 साली त्या धर्तीवर प्रायोगिक योजना निघाली, आणि पुढच्या मोठ्या योजनांचा कणाही तोच राहिला. मला आधी रागच आला. मग त्यांचं म्हणणं नीट वाचलं. प्रत्येक वावर मोजायला माणसं कुठून आणणार? आणि माझं पीक गेलं की मला पैसे मिळणार असतील, तर निंदण-फवारणीत माझा हात ढिला पडणार नाही का? परिसराची सरासरी एकट्याने बिघडवता येत नाही, म्हणून कष्ट करणाऱ्याचं त्यात नुकसान नाही. हा विचार खरा आहे, असं मी आजही मानते.

पण तो परिसर एकसारखा असेल तरच. आमच्याकडे पेंचची नहर आहे. नवेगाव खैरीच्या धरणाचं पाणी ज्यांच्या वावराला लागतं त्यांचं वर्ष वेगळं, आमचं वेगळं. समजा, मंडळात दहा वावरं. सहा नहरेवर, एकरी दहा क्विंटल कापूस. चार कोरडवाहू, एकरी दोन. सरासरी निघाली 6.8. भरपाईची मर्यादा, म्हणजे सरासरी जिच्याखाली गेली तरच पैसे मिळतात ती रेषा, साडेसहा असेल, तर कुणालाच काही मिळणार नाही. त्याच चार कोरडवाहू वावरांचा वेगळा गट केला आणि त्यांची मर्यादा चार क्विंटल धरली, तर तूट निम्मी दिसते आणि विम्याची निम्मी रक्कम हातात येते. आकडे माझे, समजावण्यापुरते. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे: सरासरी नहरेवरून आली होती.

मग गट लहान करावेत, इतकं सोपं आहे का? नाही. मंडळात पीक कापणी प्रयोग होतात दहा-बारा. वावर चिठ्ठी टाकल्यासारखं निवडायचं, त्यात चौकोन आखायचा, त्यातलं पीक वजन करायचं. गट तोडले की एकेका गटाच्या वाट्याला तीन-चार प्रयोग येतात, आणि थोड्या प्रयोगांची सरासरी हेलकावे खाते. चूक निम्मी करायची तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. माझ्या प्रबंधात मी हाच हिशेब मांडला: नहर आणि कोरडवाहू एवढेच दोन थर केले, तर किती प्रयोग वाढवावे लागतील.

मोजणीतली दुसरी अडचण एका सातारकराने पकडली होती. बुध गावचे पांडुरंग सुखात्मे, 1911चा जन्म, लंडनला संख्याशास्त्र शिकून आलेले. 1940च्या दशकात त्यांनी शेतात उतरून दाखवलं की चौकट फार लहान घेतली तर उत्पन्न फुगतं. काठावरचं झाड आत की बाहेर, हा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात आत घेण्याकडे झुकतो. चौकट लहान तितका काठाचा वाटा मोठा. महालनोबिसांसारख्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञाच्या छोट्या चौकटींवर त्यांनी उघड वाद घातला. मला ते फार धीराचं वाटतं.

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांना म्हटलं, चला, आपल्या वावरात एक चौकोन आखू. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. एक पऱ्हाटी नेमकी दोरीवर आली. बाबा पटकन म्हणाले, "हे बाहेर ठेव, बाई. उत्पन्न कमी दिसंन." मी त्यांना सुखात्म्यांची गोष्ट सांगितली. तिथे हात आत झुकत होता, विमा आला की तो बाहेर झुकतो. ते काही वेळ बोलले नाहीत. मग खाली बसले, हाताने माती बाजूला करून झाडाचं बूड कुठे आहे ते पाहू लागले. बूड दोरीच्या आत होतं. "मंग आतच धर," म्हणाले. पहिल्या वेचणीचं वजन मी वहीत लिहिलं आणि पुढच्या वेचण्यांचे रकाने मोकळे सोडून वही त्यांच्या हातात दिली.