बागेतला डबा

माथेरानची गाडी आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाची आहे. तिच्या दोन रुळांत अंतर अवघे दोन फूट. इंग्लंडमध्ये उत्तर डेव्हनला जवळजवळ तेवढ्याच रुंदीची, म्हणजे एक फूट साडेअकरा इंचांची, लिंटन-बार्नस्टेपल रेल्वे १८९८ मध्ये सुरू झाली. माथेरानच्या गाडीच्या नऊ वर्षे आधी! मार्ग सुमारे १९ मैलांचा, आणि सुरुवातीचे सोळा डबे ब्रिस्टलच्या कारखान्यात बांधलेले.

पुढे मोटारी आल्या, प्रवासी घटले. २९ सप्टेंबर १९३५ रोजी शेवटची गाडी धावली आणि पाठोपाठ सगळ्याचा लिलाव झाला. रूळ भंगारात गेले. डब्यांचे नशीब मात्र वेगळे निघाले. लाकडी डबा म्हणजे छप्पर, खिडक्या आणि दारे असलेली तयार खोलीच! त्यामुळे काहींची शेतावर किंवा बागेत कोठारे झाली. दोन क्रमांकाचा डबा एका पाद्र्याच्या बागेत बसायची खोली म्हणून राहिला आणि अखेर यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पोहोचला. स्नॅपर थांब्याजवळ पडून असलेला १५ क्रमांकाचा डबा १९५९ मध्ये वेल्समधल्या फेस्टिनिओग रेल्वेने नेला, दुरुस्त केला आणि पुन्हा प्रवाशांसाठी चालवला.

यॉर्कचा डबा मात्र दुरुस्त न करता, सापडला त्या अवस्थेतच जपला आहे. पाहणाऱ्याला वाटेल, हा आळस की कंजुषी? मी संगणकाच्या आज्ञावली लिहितो, म्हणून मला ते पटते. जुनी आज्ञावली सुधारून चालती करता येते. पण मूळ प्रत पुसली, तर ती तशी का लिहिली होती हे पुन्हा कधीच कळत नाही. डब्याचेही तसेच. कुजलेली फळी बदलली की तिच्यावरचे रंगांचे थर, स्क्रूची भोके, सुताराच्या हत्याराच्या खुणा जातात. चालता डबा प्रवासाचा आनंद देतो, न चालणारा पुरावा देतो. दोन्ही हवेत, म्हणून एकाच घडणीचे अनेक डबे उरले असतील, तर त्यांतला एक तरी अस्पर्श ठेवावा.

आपली १८९७ ची बार्शी लाइट रेल्वे आज ब्रॉडगेज झाली आहे. गावी गेलात आणि कुणाच्या अंगणात जुना डबा कोठार म्हणून उभा दिसला, तर एवढेच सांगा: रंग देण्याआधी त्याचे फोटो काढा आणि निघालेली एखादी फळी तरी जपून ठेवा.