काळ्या खिडकीची दहा वर्षं

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीत एक मेल आली. यापुढे प्रॉडक्शन सर्व्हरवर कोणीही थेट लॉगिन करायचं नाही. जो काही बदल असेल तो गिटमध्ये लिहा, दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या, पाइपलाइन तो सर्व्हरपर्यंत नेईल. सुरक्षेच्या बाजूने पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही, आणि म्हणूनच मी जास्त चिडलो. ज्या दाराला हे कुलूप लागलं, त्या एसएसएचला 2025 च्या जुलैत तीस वर्षं झाली. केक कोणी कापला नाही.

जन्मकथा थोडक्यात सांगतो. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी कान लावून बसलं आणि पासवर्ड गोळा करत राहिलं. तेव्हा टेलनेटवरून पासवर्ड उघडावाघडाच जायचा. तिथल्या तातू इलोनेन या संशोधकाने त्यावर उतारा म्हणून एसएसएच लिहिलं आणि त्यासाठी 22 क्रमांकाचं पोर्ट मागून घेतलं. एफटीपीचं 21 आणि टेलनेटचं 23, मधली जागा रिकामी होती. त्याच वर्षी 15 ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. पुढे मूळ एसएसएचचा परवाना आवळत गेला, तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी 1999 मध्ये ओपनएसएसएच काढलं. जगभर आज चालतं ते मुख्यतः हेच.

माझी दहा वर्षं म्हणजे 2005 ते 2015. मुक्काम हिंजवडी, शिफ्ट रात्रीची, सर्व्हर अमेरिकेत. टेबलावर विंडोजचा डबा आणि त्यात पुटी. केंब्रिजच्या सायमन टॅथम यांनी लिहून फुकट वाटलेला तो चिमुकला प्रोग्रॅम नसता, तर पुण्यातल्या निम्म्या नाइट शिफ्ट भरल्याच नसत्या. पुटीत माउसचं उजवं बटण दाबलं की कॉपी केलेलं सगळं थेट पेस्ट व्हायचं. मजकुराच्या शेवटी एंटर चिकटून आला असेल, तर कमांड विचारायला न थांबता चालूनही जायची. नव्या पोराला शिकवायचा पहिला धडा हाच: आधी नोटपॅडमध्ये टाक, डोळ्यांनी वाच, मग इकडे आण.

जानेवारी 2008 च्या अखेरीस इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारताचं इंटरनेट लंगडं झालं. काही दिवस आम्ही अक्षरं टाइप करायचो आणि ती पडद्यावर उमटायची वाट बघत बसायचो. मधेच कनेक्शन तुटायचं. तेव्हा 'स्क्रीन' या जुन्या टूलची खरी किंमत कळली. काम सर्व्हरवरच चालू राहायचं, आपण पुन्हा जोडून घ्यायचं. ज्यांनी ते दिवस काढले, ते आजही तीन सेकंदांत पान उघडलं नाही म्हणून कुरकुर करत नाहीत. आधी एक ओळ पूर्ण मनात रचायची, मगच बोटं हलवायची, ही सवय आम्हाला त्या रखडलेल्या लाइनने लावली.

ऑटोमेशन हा शब्द बैठकांत शिरायच्या आधीपासून ऑटोमेशन चालूच होतं. एका फाइलमध्ये सर्व्हरची नावं, ओळीला एक. वर एक लूप, आत एसएसएच. 'व्हाइल रीड' वापरून असा लूप लिहिला की पहिल्या सर्व्हरवर काम व्हायचं आणि गाडी तिथेच थांबायची, कारण एसएसएच उरलेली यादी स्वतःचा इनपुट समजून गिळून टाकायचं. '-एन' हा एक पर्याय जोडला की सुरळीत. हे मॅन्युअलमध्ये आहे, पण मॅन्युअल वाचतो कोण? शेजारच्या खुर्चीवरचा सांगायचा, आणि असं एकाकडून दुसऱ्याकडे जात जात सगळ्या मजल्याला माहीत व्हायचं.

एक जुना हिशोब इथेच चुकता करतो. तेव्हाच्या माझ्या कंपनीचं बिलिंग डोकी मोजून चालायचं. पॅचिंगला तीन माणसांची अख्खी रात्र लागते असं ग्राहकाला सांगितलेलं. ते काम स्क्रिप्टने तासाभरात उरकायला लागलं, तेव्हा शाबासकी राहिली बाजूला, मॅनेजर कोपऱ्यात घेऊन म्हणाले, 'हे फार बोलू नका.' पहाटेपर्यंत आम्ही तिघं चहा पीत खुर्च्या उबवायचो आणि टाइमशीट इमानेइतबारे भरायचो. हेच साहेब पुढे डेव्हऑप्सवर व्याख्यानं द्यायला लागले. 2009 साली बेल्जियममधल्या गेंटला पहिली डेव्हऑप्स परिषद भरली आणि काही वर्षांत आमची पदनामं बदलली. पगाराच्या पावतीला मात्र त्याची खबर लागली नाही.

त्या दशकातली सगळ्यात रंगतदार पहाट 1 जुलै 2012 ची. रविवार होता. पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळावं म्हणून त्या दिवशी जगाच्या वेळेत एक लीप सेकंद घातला गेला, आपल्याकडे बरोबर साडेपाचच्या ठोक्याला. लिनक्सच्या कर्नलमध्ये एक किडा दबा धरून होता. साडेपाच वाजले आणि जावाचे सर्व्हर एकामागून एक शंभर टक्के सीपीयूवर जाऊन बसले. रेडिट कोलमडलं, ऑस्ट्रेलियात क्वांटासचं चेक-इन अडकलं. आम्ही जावा रीस्टार्ट करून पाहिलं, ढिम्म. उपाय निघाला तो हसू यावं असा: सर्व्हरला जी वेळ आहे तीच वेळ पुन्हा सेट करायची. एका ओळीची कमांड. ती लूपमध्ये घातली, यादीवर सोडली आणि दुसऱ्या खिडकीत 'टॉप' लावून बघत बसलो. लोडचे आकडे घरंगळत खाली येताना पाहण्यात जी मजा होती, ती नंतर कुठल्याही डॅशबोर्डवर आली नाही.

दरम्यान मोठी अवजारं येत होती. 2005 चं पपेट, 2009 चं शेफ. पपेटचा एजंट दर अर्ध्या तासाला फेरी मारायचा आणि आपण हाताने केलेला बदल, घरात हलवलेली खुर्ची आजोबांनी निमूटपणे जागेवर ठेवावी तसा, परत जुना करून टाकायचा. ज्याला हे ठाऊक नसे, तो एकच बिघाड रात्रभर दुरुस्त करत राही. 2012 मध्ये मायकेल डीहान यांनी अ‍ॅन्सिबल आणलं, आणि ते आम्हाला लगेच आपलं वाटलं. एजंट नाही, फक्त एसएसएच. आमचाच लूप, जरा नीटनेटका. वाय-ए-एम-एलमधल्या एका चुकलेल्या स्पेसने डोकं फिरवलं, ते सोडा. 2015 मध्ये रेड हॅटने अ‍ॅन्सिबल विकत घेतलं, 2019 मध्ये आयबीएमने रेड हॅट घेतलं. डॉकर, कुबरनेटीस, टेराफॉर्म यांची वर्षं मी पगार घेऊन पार पाडली. सांगण्यासारखं त्यात फारसं नाही.

2020 च्या डिसेंबरचा घाव मात्र विसरलो नाही. सेंटओएस 8 या लिनक्सला 2029 पर्यंत आधार मिळेल या भरवशावर लोकांनी सर्व्हर हलवले होते. घोषणा आली की 2021 च्या अखेरीस खेळ खलास.

आता त्या मेलकडे येतो. हाताने चुका होतात म्हणून दार बंद, असा युक्तिवाद आहे. होतात, मान्य. ऑक्टोबर 2021 मध्ये फेसबुक सहाएक तास गायब झालं तेही देखभालीच्या एका कमांडमुळेच. पण अशी कमांड अडवायला तिथे एक टूल होतं आणि नेमका त्यातच बग होता. नंतर दुरून आत शिरायचे रस्ते बंद झाल्यामुळे इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटर गाठावं लागलं. जुलै 2024 मध्ये क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज मशीन झोपवली. ती उठवायला माणसं एकेका मशीनपुढे बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, एक फाइल हाताने उडवत होती. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशन लायब्ररीत कोणीतरी अत्यंत चलाखीने पेरलेलं चोरदार सापडलं कशामुळे? एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला खटकलं म्हणून. रोज लॉगिन करणाऱ्यालाच हे खटकतं. पाइपलाइन तो अर्धा सेकंद मुकाट्याने सोसते.

आमच्या टीममधली नवी पोरं हुशार आहेत, आम्ही होतो त्याहून जास्तच. पण डिस्क भरली की ती डॅशबोर्डचा लाल ठिपका दाखवतात आणि सर्व्हर नवा उभा करतात. भरली कशाने, हे बघायला आत जायची कोणाला परवानगी नाही. अगदीच आणीबाणी असेल तर दोन वरिष्ठांच्या मंजुरीने थोड्या वेळासाठी लॉगिन मिळतं. त्यातले एक न्यू जर्सीत असतात आणि आपल्या दुपारी ते झोपलेले असतात.

मी बैठकीत सुचवलं, दर तिमाहीला एक दिवस पाइपलाइन बंद ठेवा आणि एक चाचणी-सर्व्हर या पोरांना हाताने उठवू द्या. म्हणाले, कल्पना चांगली आहे, तिकीट काढा. काढलंय. प्राधान्य: कमी.