दुर्बिणीचे ऑपरेशन : पहिले छिद्र कुठून?

अंजूरसारख्या गावात कुणाला पित्ताशयात खडे झाले की घरचे आधी विचारतात, "दुर्बिणीतून होईल ना? टाके किती पडतील?" सर्जनच्या मनात मात्र दुसराच प्रश्न असतो : पोटात शिरायचे कुठून?

जे. जे.मधली सुरुवात

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेम्टन उदवाडिया १९७२ पासून दुर्बिणीने पोट तपासत होते. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया त्यांनी १९९० मध्ये तिथेच केली.

धोका कशाचा?

दुर्बीण आत जाईपर्यंत सर्जनला आतले काही दिसत नाही. बेंबीच्या मागेच महाधमनी दुभंगते. सडपातळ माणसात बेंबी आणि महाधमनी यांतले अंतर जेमतेम काही सेंटिमीटर असते. शिवाय जुन्या ऑपरेशनच्या व्रणाला आतून आतडे चिकटलेले असू शकते. त्यामुळे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतल्या गंभीर इजांपैकी बऱ्याच या पहिल्या शिरकावातच होतात.

सुईची पद्धत

हंगेरीचे डॉ. व्हेरेश यांनी १९३० च्या दशकात क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी स्प्रिंगची सुई बनवली. पोटाचे आवरण भेदताच तिचे बोथट टोक पुढे येते आणि धार झाकली जाते. याच सुईने आता पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. सुरुवातीला यंत्रावर दाब कमी दिसला, तर सुई योग्य जागी असल्याचा तो चांगला पुरावा.

उघडी पद्धत

१९७१ मध्ये डॉ. हॅसन यांनी वेगळी वाट दाखवली. बेंबीपाशी लहानसा छेद घेऊन एकेक थर डोळ्यांदेखत उघडायचा आणि मग बोथट नळी आत सरकवायची. यात मोठ्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका फार कमी. आतड्याला मात्र पूर्ण अभय नाही.

बेंबी टाळून

बेंबीजवळ जुना व्रण असेल, तर डाव्या बरगड्यांच्या कडेखाली सुमारे ३ सेंटिमीटरवरून शिरता येते. या जागेला फ्रेंच डॉक्टर पामर यांचे नाव आहे. तिथे आतडे चिकटलेले सहसा नसते. पण प्लीहा वाढलेली असेल, तर ही जागा वर्ज्य.

रुग्णाने काय करावे?

सर्वांना लागू पडेल अशी एकच सर्वोत्तम पद्धत नाही. पोट पाहूनच ती ठरते. म्हणून आधीचे सिझेरियन, अपेंडिक्स, हर्निया, कुटुंबनियोजन, कोणतेही ऑपरेशन लपवू नका. जुने कागद सापडले नाहीत, तर निदान पोटावरचा व्रण तरी डॉक्टरांना दाखवा.