गाठ आहे आठाशी!

बदामीच्या लाल कड्यावरून एक निष्णात क्लाइंबर साडेदहा मीटर खाली आला. त्याला साधं खरचटलंही नाही. पण त्याच्या वीस मिनिटं आधी खाली जमिनीवर जे घडलं, त्याने माझी झोप उडवली...

खरं सांगू? मी त्याच्या पडण्याचीच वाट बघत होते.

वाचायला वाईट वाटतंय ना? लिहितानाही वाटतंय. पण आमच्या संपादकांनी बजावलं होतं, 'क्लाइंबिंगवर लिही, पण दोराला लटकून हात हलवणाऱ्या लोकांचे फोटो आणू नकोस. काहीतरी थरार हवा.' थरार म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांनाही कळलं होतं.

तर शुक्रवारी रात्री हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून कशीबशी सुटलेली सहा माणसं, दोन दोर, चिवड्याची एक भलीमोठी पिशवी आणि मी, असे बदामीला निघालो. सोलापूर, विजापूर, बागलकोट करत. सकाळी डोळे उघडले, तर समोर तांबडेलाल कडे! चालुक्यांची वातापी ती हीच. इथल्या तिसऱ्या लेण्यात इ.स. ५७८चा शिलालेख आहे. पर्यटक लेणी बघायला येतात, माकडं पर्यटकांच्या पिशव्या बघायला येतात आणि क्लाइंबर मंडळी या सगळ्याकडे पाठ करून भलत्याच कड्यांकडे चालू लागतात.

कारण इथला वालुकाश्म. आपल्या सह्याद्रीत काळा बेसॉल्ट. मध्येच सुटा दगड, मध्येच गवत, मध्येच बाहेर आलेला टप्पा. म्हणजे पडलात तर वाटेत कुठेतरी आपटायची सोय आहेच. बदामीत भिंती सरळसोट, पकडी घट्ट आणि बऱ्याच मार्गांवर आधीच बोल्ट बसवलेले. 'इथे पडायलाही मजा येते,' असं आमच्यातला एक जण म्हणाला, तेव्हा मला तो जोक वाटला होता.

दादा आणि क्यूए

ग्रुपमधला सीनियर म्हणजे दादा. वय पंचेचाळीसच्या पुढे, भोसरीत छोटं वर्कशॉप, वीसेक वर्षं कड्यांवर. बोटं अशी, की हस्तांदोलन केल्यावर आपलाच हात तपासून बघावा. मी 'तुम्ही, तुम्ही' करायला लागले, तर म्हणाला, "ए, तुम्ही म्हणू नकोस. म्हातारं झाल्यासारखं वाटतं."

त्याला बिले द्यायला होती क्यूए. खरं नाव वेगळं, पण ती एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे आणि डोंगरातही तिला प्रत्येक गोष्टीत बग दिसतो, म्हणून क्यूए. वजन जेमतेम बावन्न किलो. दादा तिच्यापेक्षा पंधरा-सोळा किलोंनी जास्त.

इथे थोडा फंडा क्लिअर करूया. आपण अॅडव्हेंचर कॅम्पमध्ये चढतो, तेव्हा दोर वरून आलेला असतो. हात सुटला तर आपण फूटभर खाली लटकतो, बस्स. लीड क्लाइंबिंगमध्ये दोर खालून येतो. पहिला चढणारा तो कमरेला बांधून निघतो आणि वाटेतल्या प्रत्येक बोल्टला क्विकड्रॉ, म्हणजे पट्टीने जोडलेले दोन कॅराबिनर, लावून त्यात दोर अडकवत जातो. शेवटच्या बोल्टच्या तीन मीटर वर असताना हात सुटला, तर आधी बोल्टपर्यंतचे तीन मीटर आणि मग बोल्टखालचे तीन मीटर. वर दोरातली ढील आणि दोराचा ताण. खाली दोर धरून उभा असतो, तो बिलेयर. पडणाऱ्याचा सगळा हिशेब त्याच्या हातात.

माझा एक प्रश्न

शनिवारी दुपारी उतरत्या उन्हात दादाने जरा बाहेर झुकलेली एक भिंत निवडली. हेल्मेट घातलं, हार्नेस कसला आणि गाठ मारायला घेतली.

ही गाठ म्हणजे आठाची गाठ. आधी दोराला मराठी चारला नव्हे, आठालाही नव्हे, तर इंग्रजी आठच्या आकड्याला शोभेल असा वळसा द्यायचा. मग टोक हार्नेसमधून ओवायचं आणि त्याच वाटेने उलटं फिरवत तो आकडा दुसऱ्यांदा गिरवायचा. शाळेत पुसट अक्षरावरून पेन्सिल फिरवायचो ना, अगदी तसं. हजारो वेळा मारलेली गाठ. टोक हार्नेसमधून बाहेर आलं आणि नेमकी त्याच क्षणी मी रेकॉर्डर पुढे केला.

"दादा, भीती नाही वाटत?"

तो थांबला. माणूस मनापासून बोलणारा. भीती वाटते, रोज वाटते, ज्याला वाटत नाही त्याच्याबरोबर मी चढत नाही, असं बरंच छान छान बोलला. मी खूश. माझी हेडलाइन मला मिळाली होती! बोलता बोलता तो खाली बसला, शूज चढवले, हातांना चॉक लावला आणि भिंतीकडे वळला.

"दादा, गाठ दाखव."

क्यूए. दोर तिने आपल्या ग्रिग्रीत केव्हाच भरला होता.

"अगं मारली की."

"दाखव."

त्याने खाली बघितलं. मीही बघितलं. दोराचं टोक हार्नेसमधून ओवलेलं होतं आणि तसंच लोंबत होतं. आकडा दुसऱ्यांदा गिरवलेलाच नव्हता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सगळं जागेवर आहे. पण भार पडताच ते टोक सुळकन बाहेर आलं असतं.

कुणी ओरडलं नाही, कुणी मला बोललंही नाही. दादाने गाठ पुरी केली, ओढून घट्ट केली, तिला दाखवली. तिने हात लावून खात्री केली. मग त्याने तिची ग्रिग्री बघितली, दोराची दिशा बघितली, तिच्या हार्नेसचं बकल बघितलं. "थँक यू," तो म्हणाला. रोजचा चहा मिळाल्यावर म्हणतात तसा. आणि चढायला लागला.

मी मात्र रेकॉर्डर बंद करून दगडावर बसले. माझे गुडघे थरथरत होते.

सव्वा सेकंद

पुढची वीसेक मिनिटं मी फोटो काढायचे म्हणून कॅमेरा धरून होते, इतकंच. दादा अठराएक मीटरवर पोचला. शेवटचा बोल्ट त्याच्या साडेतीन मीटर खाली. पुढच्या बोल्टला दोर लावायला त्याने हातभर, मग अजून हातभर दोर वर खेचला, डावा पाय जरासा हलवला...

आणि पाय सुटला.

सिनेमात अशा वेळी माणूस किंचाळतो. दादा किंचाळला नाही. "फॉ..." एवढंच ऐकू आलं. पण त्याचं शरीर काय काय करत होतं, ते मला अजून स्पष्ट आठवतंय. त्याने भिंतीला जोरात लाथ मारली नाही, नुसता सुटा झाला. हात दोराकडे गेले नाहीत. गुडघे किंचित वाकले, पाय पुढे आले, दोर पायामागे अडकू दिला नाही. तो अडकला, तर माणूस उलटा होऊन डोक्यावर येतो. मांजर पडतं ना, तसं.

आणि खाली? दोर ताठ व्हायच्या क्षणी क्यूएने छोटीशी उडी मारली. ताण आला आणि ती सरळ वर उचलली गेली, मीटरभर तरी. पण उजवा हात दोरावरून सुटला नाही. दादा हळूच भिंतीकडे झुलला, पाय टेकवले आणि थांबला. जमिनीपासून साडेसात मीटरवर. दोघं हवेत लटकून एकमेकांकडे बघत होते.

"सॉलिड कॅच!" तो वरून म्हणाला.

"ढील जास्त घेतलीस," ती म्हणाली.

माझा फोटो? नाही आला. मी डोळे मिटले होते.

नंतर हिशेब केला. निव्वळ पडणं साडेआठ मीटरचं, साधारण सव्वा सेकंद आणि शेवटी वेग ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे बाइकवरून हेल्मेटशिवाय आपण ज्या वेगाने बिनधास्त जातो तेवढा. उरलेले दोन मीटर दोर ताणला जाण्यात आणि क्यूए वर जाण्यात. वाचवलं ते त्या दोन मीटरनीच. दोर कडक असता आणि ती पाय रोवून उभी राहिली असती, तर तोच झटका दादाच्या कमरेला बसला असता आणि तो भिंतीवर आपटला असता.

त्यात आणखी एक गंमत. किती मीटर पडलात, यापेक्षा किती दोर बाहेर असताना पडलात, हे जास्त महत्त्वाचं. पडण्याचं अंतर भागिले बाहेर असलेला दोर, याला फॉल फॅक्टर म्हणतात. दादाचा अर्ध्याहून कमी होता. जास्तीत जास्त असतो दोन. लांबलचक दोर जास्त झटका गिळतो, म्हणून उंचावरचा मोठा फॉल कधी कधी खालच्या छोट्या फॉलपेक्षा मऊ लागतो.

हे सुख फार जुनं नाही. तागाच्या दोरांच्या जमान्यात लीडरने पडायचंच नाही, असा दंडक होता, कारण दोर तुटायचा तरी किंवा माणूस मोडायचा तरी. मग नायलॉन आलं. १९५३मध्ये एडेलरिड या जर्मन कंपनीने आत गाभा आणि बाहेर विणलेलं कवच असलेला दोर काढला. आज क्लाइंबिंगच्या सिंगल दोराला ८० किलोंचं वजन किमान पाच वेळा जबरदस्त पडलेलं झेलावं लागतं आणि पहिल्या वेळी झटका १२ किलोन्यूटनच्या आत ठेवावा लागतो, तेव्हा कुठे तो पास होतो.

पण या सगळ्या टेक्नॉलॉजीचं एक टोक माणसाने बांधायचं असतं. तिथे ना युरोपचं सर्टिफिकेट कामाला येतं, ना वीस वर्षांचा अनुभव.

लिन हिलची गोष्ट

रात्री खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगांची चटणी समोर आली, तरी माझा घास उतरत नव्हता. शेवटी मी दादाला सॉरी म्हटलं.

"कशाबद्दल?"

"मी मध्येच प्रश्न विचारला."

"तू नसतीस तर फोन वाजला असता, नाहीतर माकडाने डबा पळवला असता," तो म्हणाला. मग त्याने लिन हिलची गोष्ट सांगितली. अमेरिकेची लिन हिल, त्या काळातली जगातली अव्वल क्लाइंबर. १९८९मध्ये फ्रान्समध्ये वॉर्म-अपचा एक सोपा मार्ग चढली. दोर हार्नेसमधून ओवला होता, पण मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं आणि गाठ पुरी करायची राहिली. वर पोचून खाली यायला म्हणून दोरावर रेलली आणि वीस मीटरहून जास्त उंचीवरून थेट खाली. झाडाच्या फांद्यांनी वाचवलं. कोपर निखळलं. याच बाईने पुढे १९९३मध्ये एल कॅपिटनचा 'नोज' हा अवघड मार्ग पहिल्यांदा फ्री क्लाइंब केला आणि १९९४मध्ये तोच चोवीस तासांच्या आत.

"नवशिके गाठ पाच वेळा बघतात," दादा म्हणाला. "विसरतो तो माझ्यासारखा. म्हणून मला क्यूए लागते."

क्यूए भाकरी मोडत होती. "आणि मला तू," ती म्हणाली. "मागच्या वर्षी माझं बकल कुणी पकडलं?"

मी बदामीला आले होते बिनधास्त माणसांवर लिहायला. मला भेटली ती एकमेकांवर अजिबात विश्वास न ठेवणारी माणसं. निदान जमिनीवर तरी. 'अगं मारली की' म्हटल्यावर आपण ऑफिसात काय करतो? 'ओके' म्हणून पुढे जातो. सीनियरला परत विचारणं बरं दिसत नाही ना! तिने विचारलं. आणि त्याला त्यात अपमान वाटला नाही. त्यानंतर तो अठरा मीटरवरून निर्धास्त सुटू शकला.

रविवारी सकाळी त्यांनी मलाही चढवलं. अर्थात दोर वरून. मी वाकून गाठ मारायला घेतली. आठाचा आकडा, टोक हार्नेसमधून, आता उलटं गिरवायचं...

"काय गं, तुझा लेख कधी छापून येणार?" दादाने विचारलं.

मी मान वर केली नाही.

"एक मिनिट, दादा. गाठ मारतेय."

मागून क्यूए हसल्याचा आवाज आला. मग तिने येऊन गाठ बघितली.