प्रोसेसरचे वेगवर्धन आणि मदरबोर्डची मर्यादा

संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने ठरवून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेवर चालविणे, यास ओव्हरक्लॉकिंग किंवा वेगवर्धन म्हणतात. प्रोसेसरची वारंवारता हा दोन संख्यांचा गुणाकार असतो. एक, मदरबोर्डवरून मिळणारी पायाभूत वारंवारता. दुसरी, प्रोसेसरचा गुणक. पहिली संख्या मदरबोर्डच्या हाती असते, दुसरी बदलण्याची मुभा बहुधा त्याच्यावरील चिपसेट देतो आणि वाढीव वेगासाठी लागणारी वीज तर मदरबोर्डच पुरवितो. असे असूनही वाढविलेला वेग टिकेनासा झाला की पहिला संशय प्रोसेसरवर किंवा त्याच्या पंख्यावर घेतला जातो. हा क्रम उलटा असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मदरबोर्डच्या पहिल्या, म्हणजे पायाभूत वारंवारतेच्या मर्यादेचे सर्वांत बोधप्रद जुने उदाहरण ऑगस्ट 1998 मध्ये आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन 300ए या प्रोसेसरचे आहे. त्याचा गुणक 4.5 वर कुलूपबंद होता आणि पायाभूत वारंवारता 66 मेगाहर्ट्‌झ होती, गुणाकार 300. हीच पायाभूत वारंवारता 100 केली की तोच स्वस्त प्रोसेसर 450 मेगाहर्ट्‌झवर धावे, आणि आश्चर्य म्हणजे बहुसंख्य नग ते सहज पेलत. परंतु त्यासाठी इंटेलच्या 440बीएक्स चिपसेटचा बोर्ड आवश्यक होता. आधीच्या 440एलएक्स चिपसेटसाठी 66 हीच अधिकृत मर्यादा होती. काही जुन्या बोर्डांवर 75 किंवा 83 मेगाहर्ट्‌झची निवड करता येई, पण तिथे वेगळेच संकट उभे राही. पीसीआय या विस्तार-मार्गाची वारंवारता पायाभूत वारंवारतेला भागून मिळत असे. भाजक 2 असताना 66 चे 33 होत, हे नियमात बसणारे; 83 चे मात्र 41.5 होत. मग प्रोसेसर निर्धास्त चालत असतानाच हार्ड डिस्कवरील माहिती बिघडे किंवा ध्वनिकार्ड गप्प होई. 440बीएक्स बोर्डावर 100 ला भाजक 3 मिळत असल्याने पीसीआय पुन्हा 33 वर येई. म्हणजे 83 पेक्षा 100 अधिक सुरक्षित होते, आणि याचे कारण प्रोसेसरमध्ये नव्हे तर बोर्डात होते.

दुसऱ्या प्रकारची मर्यादा परवानगीची. जानेवारी 2011 मध्ये इंटेलची सँडी ब्रिज पिढी आली, तेव्हा प्रोसेसर, पीसीआय एक्स्प्रेस आणि साटा या सर्वांची स्पंदने एकाच उगमाशी जोडली गेली. परिणामी 100 मेगाहर्ट्‌झची पायाभूत वारंवारता काही टक्क्यांपलीकडे हलविणे अशक्यप्राय झाले. उरला गुणक. तो ‘के’ अक्षर लावलेल्या प्रोसेसरांत पूर्णपणे मोकळा होता, आणि तोही पी67सारखा चिपसेट असलेल्या बोर्डावर. कोर आय5-2500के घेऊन एच67 बोर्डावर बसविणाऱ्यास अधिक दामाचा प्रोसेसर मिळे, वेगवर्धन मिळत नसे. एएमडीच्या एएम4 बोर्डांतही बी350 व एक्स370 चिपसेट गुणक वाढवू देतात, ए320 देत नाही. या मर्यादेची तपासणी सर्वांत सोपी आहे. फर्मवेअरमध्ये गुणकाचा पर्यायच दिसत नाही किंवा लिहिलेला आकडा लागू होत नाही.

तिसरी मर्यादा विद्युतपुरवठ्याची. ती सर्वांत फसवी असल्याने तिचा विचार सविस्तर केला पाहिजे. वीजपुरवठा एककाकडून बोर्डाकडे 12 व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतात एक ते दीड व्होल्ट. हे रूपांतर करणारे मंडल म्हणजे व्होल्टेज नियामक, व्यवहारात व्हीआरएम. मॉस्फेट, चोक आणि कपॅसिटर यांच्या समांतर शाखांनी ते बनलेले असते. या शाखांना फेज म्हणतात. चांगल्या बोर्डावर त्या अधिक असतात व त्यांच्यावर उष्णताशोषक बसविलेले असतात. स्वस्त बोर्डावर मोजक्या आणि अनेकदा उघड्या.

एएमडीचा ऑक्टोबर 2012 मधील एफएक्स-8350 हा प्रोसेसर घेऊ. पायाभूत 200 मेगाहर्ट्‌झ, गुणक 20, वेग 4 गिगाहर्ट्‌झ, निर्धारित औष्णिक मर्यादा 125 वॉट. गुणक मोकळा असल्यामुळे जुन्या 760जी चिपसेटच्या स्वस्त बोर्डावरही तो 23 करून 4.6 गिगाहर्ट्‌झ मागता येतो. ऊर्जाखप वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 15 टक्के वाढविताना व्होल्टेज 1.35 वरून 1.45 करावे लागले, असे समजू. तर 125 वॉटचे सुमारे 166 वॉट होतात आणि विद्युतधारा सुमारे 93 अँपिअरवरून 114 वर जाते. मॉस्फेटच्या रोधामुळे निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ती दीडपट होते. सहावा-सातवा हिस्सा वेग वाढविण्यासाठी बोर्डाच्या एका कोपऱ्यावर दीडपट ताप लादला जातो.

असा बोर्ड स्वतःला वाचविण्यासाठी गुणक एकदम 7 वर आणतो. पूर्ण भार असताना वेग 1.4 गिगाहर्ट्‌झवर कोसळतो, काही क्षणांनी पूर्ववत होतो आणि पुन्हा कोसळतो. प्रोसेसरचे तापमान मात्र मर्यादेच्या आतच असते. थंड प्रोसेसर आणि कोसळता वेग ही जोडी दिसली की व्हीआरएमवर संशय घ्यावा. येथे एक सावधगिरी हवी. या मालिकेचे तापमान-वाचन कमी भारावर विश्वसनीय नसते. रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरचे तापमान खोलीपेक्षाही कमी दाखविले जाते, जे हवेने थंड होणाऱ्या यंत्रात संभवत नाही. पूर्ण भारावरील वाचनच प्रमाण मानावे.

निदानाची खात्री करण्याचा उपाय साधा आहे. पेटीचे झाकण काढून एक छोटा पंखा थेट मॉस्फेटवर वारा घालील असा धरावा आणि तोच भार पुन्हा द्यावा. वेग कोसळण्यास अधिक वेळ लागला किंवा कोसळणे थांबले, तर दोषस्थान सापडले. बोट लावून तपासू नये. हे भाग शंभर अंशांच्या आसपास तापू शकतात. पंख्याने काहीच फरक पडला नाही, तर फर्मवेअरमधील एपीएम ही व्यवस्था पाहावी. ती ऊर्जाखपाचा अंदाज घेऊन गुणक आपणहून खाली आणते, आणि काही स्वस्त बोर्ड ती बंद करण्याचा पर्याय देत नाहीत. याउलट वेग न घसरता संगणक एकाएकी गोठत किंवा बंद पडत असेल, तर भाराखाली व्होल्टेज किती खचते ते पाहावे. हा खच भरून काढणारी लोड-लाइन कॅलिब्रेशन ही सोय मध्यम पातळीवर ठेवावी. कमाल पातळीवर ती ठेवणे हा दुबळ्या बोर्डावर आणखी एक बोजा आहे.

यांपैकी थोडेच दोष उपायाने जातात. व्हीआरएमवर उष्णताशोषक चिकटविता येतात, उभ्या टॉवर कूलरऐवजी खाली बोर्डावर वारा सोडणारा कूलर लावता येतो, व्होल्टेज थोडे उतरवून 4.2 किंवा 4.3 गिगाहर्ट्‌झवर समाधान मानता येते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर असते, तेव्हा जानेवारीत टिकलेला वेग टिकेलच असे गृहीत धरू नये. नसलेल्या फेज मात्र कोणत्याही फर्मवेअरने येत नाहीत आणि चिपसेटचे कुलूपही सहसा उघडत नाही.

म्हणून प्रोसेसर घेण्यापूर्वी बोर्डाच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेली समर्थित प्रोसेसरांची यादी अवश्य पाहावी. एएमडीने 2013 मध्ये 220 वॉटचा एफएक्स-9590 आणला, तेव्हा एएम3+ खाचेत तो बसत होता. पण त्याला अधिकृत मान्यता मोजक्याच बोर्डांनी दिली होती.